बोथट चाकूला धार: दगड बाजूला ठेवून गायडेड सिस्टीम घेताना

गेल्या पावसाळ्यात राजगडावर, पद्मावती माचीवर भेळ करायला बसलो होतो. मी मोठ्या ऐटीत खिशातला व्हिक्टोरिनॉक्स काढला आणि टोमॅटोवर टेकवला. पातं सालीवरून सरळ घसरलं. जोर लावला तर टोमॅटो चेपला आणि बिया माझ्याच बुटावर. शेजारी कांदा सोलत बसलेला मित्र म्हणाला, "अरे, ही सुरी आहे का फूटपट्टी?"

लाज वाटण्याचं कारण वेगळंच होतं. त्या चाकूला मी आदल्याच आठवड्यात धार लावली होती. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, एका बाजूने खडबडीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड घेऊन अर्धा तास घासत बसलो होतो. (कार्बोरंडम या नावात आपला कुरुंद लपलाय. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळ 'कुरुंदम'वरून गेला आणि पुढे त्याला कार्बन जोडून हे व्यापारी नाव झालं. दगड मात्र कुरुंदाचा नसतो, सिलिकॉन कार्बाइडचा असतो.)

दगडाचा यात काही दोष नव्हता. दोष मनगटाचा. पुढे ढकलताना पातं पंधरा-सोळा अंशांवर, मागे ओढताना पंचवीसवर, टोकाकडे वळताना आणखी भलतंच. असं हलत्या हाताने घासलं की धारेच्या दोन्ही उतारांची एका रेषेत गाठ पडत नाही, कड गोल होते. पातं चकचकीत दिसतं आणि कापत नाही. सराईत माणूस हाताने कोन धरतो, पण त्याच्या मागे शेकडो सुऱ्यांचा सराव असतो. ज्याच्याकडे दोनच चाकू आहेत आणि वर्षातून चारदा धार लावायची वेळ येते, त्याने तो सराव कुठे करायचा?

सायकलवाल्या धारवाल्याकडेही एकदा गेलो होतो. विळी आणि कोयत्यासाठी तो उत्तम, आमच्या घरची विळी अजून त्याच्याकडेच जाते. पण खिशातल्या चाकूचं पातळ पातं गरगरत्या चाकावर धरलं की क्षणात तापतं. माझ्या पात्याच्या टोकाला निळी झाक आली. निळी झाक आली म्हणजे पोलादाचं पाणी तिथे उतरलं, मग कितीही घासा, तेवढ्या भागात धार टिकत नाही.

कुठली सिस्टीम घ्यायची

गायडेड म्हणजे धारेचा कोन आपल्या मनगटाऐवजी साधनच धरून ठेवतं. बाजारात या नावाखाली तीन जातीच्या वस्तू मिळतात.

पहिली क्लॅम्प आणि रॉडची. पातं पाठीकडून एका चिमट्यात पकडायचं. चिमट्याच्या मागे एक उभी पट्टी, तिला वेगवेगळ्या उंचीवर भोकं. छोट्या दगडाला जोडलेला रॉड त्या भोकातून जातो, त्यामुळे दगड पुढे-मागे झाला तरी कोन तोच राहतो. लॅन्स्कीचा किट याचा जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला नमुना. त्याला १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं असतात.

दुसरी जात स्पायडर्कोच्या शार्पमेकरसारखी. प्लॅस्टिकच्या बैठकीत सिरॅमिकच्या दोन तिकोनी कांड्या तिरक्या उभ्या राहतात आणि आपण चाकू सरळ उभा धरून खाली ओढायचा. चाकू उभा धरणं तिरका धरण्यापेक्षा कितीतरी सोपं, एवढीच त्यातली युक्ती. धार टिकवायला ही झकास आहे, पण पार बोथट झालेलं पातं तिच्यावर मार्गी लावायचं म्हणजे तपश्चर्या.

तिसरी म्हणजे मोठी टेबलावरची यंत्रं. एज प्रो, विकेड एज, वर्क शार्पचं प्रिसिजन ॲडजस्ट वगैरे. एज प्रोच्या धर्तीवरचं रुइशिन प्रो नावाचं चिनी यंत्र आपल्याकडे ऑनलाइन बरंच स्वस्त मिळतं. त्याचे दगड चालून जातात. मात्र त्याचे स्क्रू आणि चुंबकं नीट बघून घ्या, कारण कोन सरकला तर यंत्र असून नसून सारखंच.

एक चौथी वस्तू गायडेड म्हणून गळ्यात मारली जाते. व्ही आकाराची खाच, तिच्यातून चाकू फर्रकन ओढायचा. कार्बाइडच्या त्या दोन पट्ट्या पोलाद घासत नाहीत, खरवडतात. घ्यायची नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने साधा क्लॅम्प-रॉडचा किट घ्यावा, आणि पैसे जास्त कोनांवर घालण्यापेक्षा डायमंडच्या दगडांवर घालावेत. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद साधारण ५६ रॉकवेलचं (रॉकवेल हे कठीणपणाचं माप), तुलनेने मऊ. ते कशावरही घासलं जातं. पण डी२ किंवा एस३०व्ही सारख्या जास्त कठीण जातीच्या पोलादाचा चाकू असेल तर डायमंडच हवा. एस३०व्हीमधले व्हॅनेडियम कार्बाइडचे बारीक कण ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात, त्यामुळे साधा दगड त्यांच्या आजूबाजूचं पोलाद झिजवत बसतो.

किटबरोबर हाताशी ठेवायचं सामान घरातच सापडेल: काळा परमनंट मार्कर, मास्किंग टेप, जुन्या कंबरपट्ट्याचा तुकडा, वर्तमानपत्र, मोबाइलची टॉर्च. सोनार वापरतो तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर फार बरं.

कोनाचा हिशेब

इथे थोडी शाळेतली भूमिती. पट्टीवर २० लिहिलंय म्हणून धारेला २० अंशच मिळतील असं नाही. कोन दोन गोष्टींवर ठरतो: भोकाची उंची आणि भोकापासून धारेपर्यंतचं अंतर. समजा धार भोकापासून १० सेंटिमीटरवर असताना बरोबर २० अंश मिळतात. रुंद पात्याचा चाकू लावला आणि धार ११ सेंटिमीटरवर गेली, तर त्याच भोकातून तुम्हाला १८.३ अंश मिळतात. अरुंद पातं असेल तर उलट, कोन वाढतो. म्हणून त्या आकड्याकडे भोकाचं नाव म्हणून बघा, मापाची खात्री म्हणून नको. खरा कोन मोजायचाच असेल तर छोटा चुंबकी डिजिटल अँगल गेज मिळतो. आधी तो पात्यावर शून्य करायचा, मग दगडावर ठेवायचा.

तरीही आकडा अगदी बरोबर येणं फार महत्त्वाचं नाही. दर वेळी तोच कोन येणं महत्त्वाचं.

किती ठेवावा? खिशातल्या चाकूला दर बाजूला २० अंश हा मध्यममार्ग. फळं, भाजी, पाकिटं, सुतळी यासाठी पुरेसा पातळ आणि लाकूड तासताना मुडपणार नाही इतका जाड. व्हिक्टोरिनॉक्स स्वतः १५ ते २० अंश सांगते. ओपिनेल आठ नंबरसारख्या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूचं पातळ पातं १७च्या भोकातूनही सुरेख लागतं. कोन कमी केला की काम किती वाढतं याचा अंदाज हवा. धारेच्या लगेच मागे पात्याची जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर २० अंशांवर घासायचा उतार पाऊण मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी रुंद, १५ अंशांवर तोच जवळपास एक मिलिमीटर. ऐकायला पाव मिलिमीटरचा फरक, पण तेवढं पोलाद तुमच्या दंडांनी काढायचं असतं.

चाकू चढवण्याआधी

चाकू धुवा. खिशातला चाकू उघडून बिजागरीत बघितलं तर कापसाचे धागे, पेरूच्या बिया, काय काय निघतं. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश. ओपिनेलसारखी लाकडी मूठ असेल तर पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगतं आणि पातं उघडेनासं होतं.

मग रॉड तपासा. ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात. दगड सपाट टेबलावर पालथा ठेवा आणि रॉड दगडाला समांतर आहे का ते डोळा खाली आणून बघा. नसेल तर स्क्रू सैल करून बसवा किंवा रॉड हलकेच वाकवा. किटमधल्या प्रत्येक दगडाचं असंच करायचं. एका दगडाचा रॉड वर, दुसऱ्याचा खाली असेल तर प्रत्येक दगड वेगळ्याच कोनात घासेल आणि बारीक दगड धारेपर्यंत पोचणारच नाही. रुइशिनसारख्या यंत्रात दगडांच्या जाडीचाही असाच गोंधळ होतो. भोक धारेपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर दगडाच्या जाडीतला एक मिलिमीटरचा फरक कोन सुमारे ०.४ अंशाने हलवतो.

आता पात्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, ओरखडे पडणार नाहीत आणि पकडही बसेल. क्लॅम्प पात्याच्या लांबीच्या साधारण मध्यावर, सरळ भागाच्या संपण्याच्या जरा आधी येईल असा लावा. पाठ क्लॅम्पच्या आतल्या थांब्याला नीट टेकली पाहिजे. मागचा स्क्रू आवळून झाल्यावर टोक धरून पातं हलवून बघा. इथे हललं तर पुढे सगळंच हलेल.

ओपिनेलचं पातं पाठीपासून धारेपर्यंत निमुळतं होत जातं, त्यामुळे चपटे जबडे त्याला एका रेघेतच पकडतात आणि पातं निसटतं. तिथे टेपऐवजी पातळ चामड्याचा तुकडा घडी करून घालावा.

मार्कर

दोन्ही बाजूंच्या धारेच्या उतारावर मुळापासून टोकापर्यंत मार्कर फिरवा. सगळ्यात बारीक दगड घेऊन अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवा आणि टॉर्चखाली बघा. शाई फक्त वरच्या, खांद्याकडच्या (उतार जिथे सुरू होतो तिथल्या) बाजूने गेली असेल तर तुमचा कोन जुन्या धारेपेक्षा कमी आहे. फक्त अगदी कडेची गेली असेल तर कोन जास्त आहे. पूर्ण उतारावरून गेली तर कोन जुळला.

पहिल्यांदा लावताना बहुतेक वेळा शाई खांद्यावरूनच जाते. घाबरू नका. एकतर एक भोक वर जा, नाहीतर तिथेच राहून धीराने घासा. क्लॅम्पच्या जबड्यावरही शाईचा एक ठिपका द्या. व्हिक्टोरिनॉक्ससारखं अरुंद पातं असलं की १७च्या भोकातून दगड पात्याऐवजी क्लॅम्पलाच घासू शकतो. ठिपका पुसला गेला तर भोक बदला.

खडबडीत दगड आणि 'बर'

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

१२० ग्रिटच्या आसपासचा दगड घ्या (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका दगड खडबडीत). डायमंड असेल तर कोरडा किंवा थोडं पाणी. साधा दगड असेल तर किटबरोबरचं तेल, ते संपलं तर शिवणयंत्राचं तेल. खोबरेल किंवा गोडंतेल नको, ते चिकट होतं आणि दगड बुजतो. क्लॅम्प डाव्या हातात धरा किंवा स्टँडवर लावा. उजव्या हाताची बोटं दगडाच्या होल्डरच्या मागेच राहू द्या, दगडाच्या कडेवर अंगठा बाहेर काढू नका. हात धारेच्या दिशेने जातोय, हे सतत लक्षात ठेवायचं.

दगड धारेकडून पाठीकडे, जणू पात्याची पातळ साल काढतोय असा ढकला. मुळापासून टोकाकडे सरकत जा. आवाज ऐका. सुरुवातीला खरखर, मग उतार सपाट होत गेला की आवाज लांबट आणि एकसारखा होतो. जोर अगदी बेताचा. अंदाजासाठी किचनच्या वजनकाट्यावर दगड दाबून बघा, ३०० ते ४०० ग्रॅम भरपूर झालं. डायमंडवर याहून जास्त दाबलंत तर हिरे उखडतात.

किती वेळा घासायचं? मोजू नका. "दर बाजूला वीस वेळा" असं सांगणाऱ्या माहितीपत्रकांनी लोकांचं फार नुकसान केलंय. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत.

वर्कशॉपमधली मंडळी लोखंड कापल्यावर कडेला राहते त्या बारीक तुसाला बर म्हणतात. तीच ही. दोन्ही उतारांची गाठ पडली की मधलं पोलाद कागदासारखं पातळ होतं आणि दगडाच्या रेट्याने दुसऱ्या बाजूला दुमडतं. तपासायचं असं: अंगठ्याचं पेर पात्याच्या पाठीवर ठेवा आणि धारेकडे, धारेच्या बाहेर सरकवत न्या. धारेच्या लांबीवरून कधीही नाही. बर आली असेल तर शेवटच्या क्षणी बोट किंचित अडकतं, मांजराच्या जिभेसारखं. न आलेली बाजू गुळगुळीत सुटते.

मुळाशी, मध्ये, पोटाच्या वळणावर, टोकाला, चारही ठिकाणी बर लागली पाहिजे. मध्ये लागली आणि टोकाला नाही, तर टोकाला धार नाही, एवढं सरळ आहे. बोटाला कळेना तर टॉर्च वापरा. पात्याची धार डोळ्यांकडे करून प्रकाश पाडा. जिथे धारेवर पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे ती अजून बोथट आहे. खऱ्या धारेला प्रकाश परतवायला जागाच नसते, ती दिसत नाही.

मी पहिल्यांदा हा किट आणला तेव्हा पंधरा मिनिटांत कंटाळून पुढच्या दगडावर गेलो, मग त्याच्या पुढच्या. शेवटी आरशासारखा चकचकीत आणि पूर्वीइतकाच बोथट चाकू हातात आला. किट परत पाठवायच्या विचारात होतो. भिंगाखाली बघितलं तेव्हा कळलं, खडबडीत दगडाने धारेला अजून हातच लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच दगडाने आणखी चाळीस मिनिटं घालवली. पार बोथट चाकूच्या पहिल्या खेपेला एवढा वेळ द्यायची तयारी ठेवा, ती एकदाच लागते.

एका बाजूने पूर्ण बर आली की क्लॅम्प उलटा करा आणि दुसऱ्या बाजूनेही तसंच. बर आता पहिल्या बाजूला आली पाहिजे. ही बाजू लवकर होते.

पुढचे दगड

आता काम सोपं आहे, म्हणून भराभर. २८०च्या आसपासचा दगड, मग ६००चा. प्रत्येक वेळी दगड बदलण्याआधी पातं आणि क्लॅम्प ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर आधीच्या दगडाचे कण बारीक दगडाखाली येऊन चरे पाडतात. आधीच्या दगडाचे चरे मिटले आणि दोन्ही बाजूंना हलकी बर उलटली की झालं. भोक तेच. मध्येच क्लॅम्प सैल करून पातं सरकवायचं नाही.

६००वर शेवटी बर काढायची. आता एका बाजूने एकदा, दुसऱ्या बाजूने एकदा, असं आलटून पालटून, आणि जोर कमी करत करत शेवटी फक्त दगडाच्या वजनाने. इथे घाई केली तर बर तुटून न पडता ताठ उभी राहते. तेव्हा चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा कापतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फूटपट्टी.

त्याच्या पुढे १०००चं सिरॅमिक आणि आणखी बारीक दगड मिळतात. मऊ पोलादाच्या चाकूला मी ६००वर थांबतो. धारेला किंचित दातेरीपणा राहिला की टोमॅटोची साल आणि सुतळी जास्त चांगली कापली जाते. आरशासारखी चमक फोटोत छान दिसते, तेवढंच.

चामड्याचा पट्टा

पूर्वी न्हाव्याच्या खुर्चीला चामड्याचा पट्टा लटकलेला असायचा आणि वस्तरा त्याच्यावर सपसप फिरायचा. तेच इथे. जुन्या कंबरपट्ट्याचा वीतभर तुकडा फळीवर चिकटवा, आतली खरखरीत बाजू वर. हिरवी पॉलिशिंग वडी क्रेयॉनसारखी घासा. ती क्रोमियम ऑक्साइडची असते. चाकू क्लॅम्पमधून काढून, धार मागे आणि पाठ पुढे ठेवून ओढायचा. दर बाजूला दहा-बारा वेळा. पाठ फार उचलू नका. चामडं दबतं आणि धारेभोवती गुंडाळून तिला परत गोल करतं.

मग तपासा. वर्तमानपत्राचं पान एका हाताने उभं धरून वरच्या कडेपासून खाली कापा. कुठे अडकलं तर पात्यावरची ती जागा लक्षात ठेवा, तिथे बर राहिलीय किंवा धार अपुरी आहे. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद याहून कडक परीक्षक. शेवटी टोमॅटो आणा, न दाबता.

अडतं कुठे

टोक गोल होतं, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दोन कारणं असतात. दगड टोकावरून पूर्ण बाहेर जातो आणि खाली कलतो. दगडाची निम्मी रुंदी टोकावर असतानाच थांबा. दुसरं, क्लॅम्प मुळाकडे लावला की टोक भोकापासून लांब पडतं आणि तिथला कोन बदलतो. क्लॅम्प थोडा पुढे सरकवून मार्करने पुन्हा बघा. मध्य आणि टोक दोन्हीकडची शाई सारखी जाते ती जागा एकदा शोधावी लागते.

लांब पात्यावर एकच पकड पुरत नाही, पण खिशातल्या चाकूला हा प्रश्न क्वचित येतो. ओपिनेल आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, एका पकडीत होतं. दातेरी पातं या दगडांवर घेऊच नका, त्याला तिकोनी किंवा गोल कांडी लागते.

डायमंड काळा पडून घासेनासा झाला तर शाळेच्या खोडरबराने पुसा. सिरॅमिक भांडी घासायच्या पावडरने आणि हिरव्या घासणीने धुवा. काम झाल्यावर चाकू पुन्हा धुऊन, पोलादाची भुकटी बिजागरीतून काढून, पूर्ण वाळवा आणि एक थेंब तेल द्या. ओपिनेलचं कार्बन पोलाद कोकणात पावसाळ्यात ओलं ठेवलंत तर सकाळी तांबडे ठिपके बघायला मिळतील.

रोजच्या वापरात दर पंधरा दिवसांनी पट्ट्यावर दहा वेळा फिरवला की चाकू दोन-तीन महिने दगड मागत नाही. मग मागेल तेव्हा फक्त ६००चा, पाच-सात मिनिटं. खडबडीत दगड धार मोडली किंवा पातं दगडावर आपटलं तरच. अर्थात, दुसऱ्या वेळी काम पाच मिनिटांत व्हायचं असेल तर क्लॅम्प पहिल्याच जागी आणि रॉड पहिल्याच भोकात हवा. मी किटच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलीय. तिच्यावर एवढंच आहे: "व्हिक्टोरिनॉक्स: २०चं भोक, क्लॅम्पची डावी कड नखाच्या खाचेच्या टोकाला, टेप दोन पदर. ओपिनेल ८: १७चं भोक, क्लॅम्प मुळापासून ४ सेंमी, चामडं. राजगडाआधी पट्टा."